वाढीव वाऱ्याचा हिशेब : उभ्या आसाच्या वातवर्धक पवनचक्क्यांच्या कार्यमान-चाचणीची प्रस्तावना

पवनचक्की म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील पठारे आठवतात, जेथे उंच मनोऱ्यांच्या माथ्यावर तीन पात्यांची चक्रे वाऱ्याकडे तोंड करून फिरतात आणि त्यांचा आस जमिनीला समांतर असतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेले यंत्र निराळ्या जातीचे आहे. त्याचा आस उभा असतो, पाती त्या आसाभोवती फिरतात, वारा कोणत्याही दिशेने आला तरी यंत्राला तोंड वळवावे लागत नाही, आणि जनित्रासारखी जड सामग्री खाली हाताशी ठेवता येते. या यंत्राभोवती जेव्हा वारा गोळा करणाऱ्या, त्याला वळण देणाऱ्या किंवा उलट दिशेने येणाऱ्या पात्यावरून त्याला बाजूला सारणाऱ्या भिंती, फळ्या, नरसाळी अथवा स्थिर पात्यांची कडी उभारली जातात, तेव्हा त्या जोडरचनेला येथे ‘वातवर्धक’ म्हटले आहे. अशा यंत्राची कार्यमान-चाचणी, म्हणजे दिलेल्या वाऱ्यात ते प्रत्यक्षात किती शक्ती देते याचे शिस्तशीर मोजमाप, हे वरकरणी सोपे वाटणारे काम कोठे अवघड होते आणि त्यातून निघालेला आकडा वाचताना कोणते प्रश्न विचारावेत, हे स्पष्ट करणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

विवेचनाला एक ठरलेली जागा असावी म्हणून पुण्यातील गुलटेकडी येथील श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड उदाहरणादाखल घेतले आहे. भुसार माल, कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला आणि फुले यांचा हा बाजार रात्रीपासूनच जागा असतो. मालाच्या गाड्या रात्री येतात, हमाल आणि तोलणार दिवे लावून काम करतात आणि उजाडण्यापूर्वीच विक्रीला वेग येतो. सौर विजेचा थेट उपयोग नसलेल्या या तासांत दिव्यांसाठी आणि काट्यांसाठी वीज लागते, आणि गाळ्यांवरच्या विस्तीर्ण छपरांवर लहान पवनचक्क्या बसवाव्यात ही कल्पना येथूनच सुचण्याजोगी आहे. ती कल्पना टिकते की नाही हे ठरवण्याचे साधन म्हणजे चाचणी होय, आणि चाचणी कोणत्या वाऱ्यात व कोणत्या भाजकाने करायची हे ठरल्याखेरीज तिचा निकाल निरर्थक ठरतो, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उभ्या आसाची चक्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियस यांनी १९२० च्या दशकात मांडला. त्यात उभे चिरलेले अर्धनळे एकमेकांसमोर थोडे सरकवून बसवतात, वारा एका नळ्याच्या पोकळीत भरतो आणि दुसऱ्याच्या फुगीर पाठीवरून निसटतो, आणि या दोन दाबांतील फरकावर चक्र फिरते. दुसरा प्रकार फ्रान्सच्या जॉर्ज दारियस यांचा असून त्यांनी १९२५ साली त्यासाठी फ्रान्समध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९३१ मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले. त्यात विमानाच्या पंखासारख्या छेदाची पाती असतात आणि ती वाऱ्याच्या ढकलण्यावर न फिरता उत्थापक प्रेरणेवर, म्हणजे पात्याच्या दोन बाजूंच्या दाबफरकातून पात्याला आडव्या दिशेने मिळणाऱ्या प्रेरणेवर, फिरतात. सॅव्होनियस चक्र मंद वाऱ्यातही स्वतः सुरू होते, पण वाऱ्यातील शक्तीचा थोडाच भाग घेते. दारियस चक्र वेगात आल्यावर बरेच अधिक घेते, परंतु थांबलेले असताना पुष्कळदा आपोआप सुरू होत नाही. दारियस प्रकाराने मोठ्या आकाराचीही स्वप्ने पाहिली होती. कॅनडातील क्वेबेक प्रांतात काप-शा येथे १९८७ पासून काही वर्षे चाललेली ‘एओल’ ही ११० मीटर उंचीची चक्की त्यांपैकी सर्वांत भव्य होय. आज मात्र या जातीची चर्चा प्रामुख्याने लहान, शहरी आणि छपरावरच्या यंत्रांपुरती उरली आहे.

वारा वळवण्याची युक्ती चक्रांच्या या दोन्ही प्रकारांहून जुनी आहे. पूर्व इराणातील नश्तिफान आणि सीस्तान परिसरातील उभ्या आसाच्या पीठगिरण्यांमध्ये मातीची भिंत चक्राचा अर्धा भाग झाकते आणि उरलेल्या फटीतून वारा नेमका ढकलणाऱ्या बाजूवर सोडते. तेथील वारा उन्हाळ्यात सुमारे चार महिने जवळजवळ एकाच दिशेने वाहतो, म्हणून भिंत कायमची एका जागी बांधता आली. आधुनिक संशोधनातील बहुतेक रचना याच विचाराची रूपे आहेत: तुर्कस्तानातील पामुक्काले विद्यापीठात सॅव्होनियस चक्रापुढे दोन फळ्यांचा ‘पडदा’ उभारून केलेले प्रयोग, मलाया विद्यापीठात चक्राभोवती सर्व दिशांना उघडणाऱ्या स्थिर गाइड व्हेनचे कडे घालून केलेले प्रयोग, आणि एकाच फळीचा डिफ्लेक्टर वापरणारी असंख्य विद्यार्थी-प्रतिमाने.

या सर्वांच्या मोजमापाचा पाया एका सूत्रात आहे. चक्राने झाकलेल्या क्षेत्रातून वाहणाऱ्या वाऱ्यातील शक्ती ही हवेची घनता, ते क्षेत्र आणि वाऱ्याच्या वेगाचा घन यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. यंत्राने घेतलेली शक्ती भागिले ही उपलब्ध शक्ती म्हणजे शक्तिगुणांक. पात्याच्या टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग यास टोकवेग गुणोत्तर म्हणतात, आणि शक्तिगुणांक या गुणोत्तराबरोबर कसा चढतो-उतरतो याचा आलेख हे चाचणीचे प्रमुख फलित असते. सॅव्होनियस चक्राचा कळस टोकवेग गुणोत्तर सुमारे १ असताना येतो, दारियसचा त्याच्या काही पट पुढे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेची घनता प्रमाणित १.२२५ ऐवजी घनमीटरला १.१ किलोग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे समुद्रसपाटीच्या आकड्यांतून सुमारे दहावा भाग आधीच वजा करावा लागतो. या घनतेला सेकंदाला ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरमागे केवळ १५ वॅट शक्ती असते. वेग दुप्पट झाला तर ती सुमारे ११९ वॅट होते. वातवर्धक रचनेचे सारे आकर्षण या घनात आहे, कारण फळ्यांनी चक्राजवळचा वेग केवळ १.३ पट केला तरी शक्ती जवळजवळ २.२ पट होऊ शकते.

पण ही २.२ पट नेमकी कशाच्या तुलनेत मोजली, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवले की मोकळ्या वाऱ्यातील चक्र त्याच्या क्षेत्रातून वाहणाऱ्या शक्तीच्या २७ पैकी १६ भागांहून, म्हणजे ५९.३ टक्क्यांहून, अधिक घेऊ शकत नाही, कारण चक्रामागे हवा पूर्ण थांबली तर पुढून नवी हवा येणारच नाही. वातवर्धक यंत्रांच्या जाहिरातींत ही मर्यादा ओलांडल्याचे दावे वारंवार आढळतात, आणि त्यांतील पुष्कळ दावे गणिताने खोटेही नसतात. फक्त भाजकात एकट्या चक्राचे क्षेत्र धरलेले असते आणि भोवतालच्या फळ्यांनी अडवलेले क्षेत्र सोडून दिलेले असते. मार्केट यार्डातील कोणताही तोलणार पोत्याचे वजन सांगताना बारदान वजा करतो, कारण तसे न केल्यास घेणाऱ्याने ताग मालाच्या भावाने विकत घेतल्यासारखे होईल. फळ्यांनी गोळा केलेला वारा चक्राच्या खात्यावर लिहिणे हा त्याच प्रकारचा व्यवहार आहे. समजा, १ चौरस मीटरच्या सॅव्होनियस चक्राचा शक्तिगुणांक ०.२० आहे आणि दोन्ही बाजूंना १-१ चौरस मीटरच्या फळ्या लावल्यावर तो ०.४४ झाला. हा आकडा प्रभावी वाटतो, परंतु वाऱ्यासमोरील ३ चौरस मीटर धरले तर तो ०.१५ च्याही खाली उतरतो, आणि तेवढ्याच जागेत फळ्यांविना ३ चौरस मीटरचे साधे चक्र लावले असते तर त्याने त्याच वाऱ्यात सुमारे ३६ टक्के अधिक शक्ती दिली असती.

म्हणून वातवर्धन व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. स्थिर फळी ही फिरणाऱ्या चक्रापेक्षा स्वस्त असते, तिला बेअरिंग लागत नाही, आणि चक्र ज्या मंद वाऱ्यात सुरू होते तो वेग ती खाली आणू शकते. मंद वाऱ्याच्या शहरात हा गुण किरकोळ नाही. मागणी इतकीच आहे की चाचणीच्या अहवालात दोन्ही शक्तिगुणांक, चक्राच्या क्षेत्रावरचा आणि संपूर्ण रचनेच्या समोरील क्षेत्रावरचा, शेजारी-शेजारी छापलेले असावेत आणि त्यांच्याबरोबर तेच चक्र फळ्यांविना तपासल्याचा आलेख असावा. याउपर सामग्रीचा खर्च दर वार्षिक युनिटमागे मांडला तर तुलना पूर्ण होते.

भाजकानंतर दुसरा धोका चाचणीच्या जागेत दडलेला असतो. वातविवर, म्हणजे अभियंते ज्याला विंड टनेल म्हणतात तो नियंत्रित वाऱ्याचा बोगदा, ही अशा मोजमापाची नेहमीची जागा आहे. त्याच्या भिंती हवेला बाजूला जाऊ देत नाहीत, त्यामुळे प्रतिमानाने बोगद्याच्या छेदाचा मोठा भाग व्यापला की हवेला प्रतिमानातूनच वेगाने जावे लागते आणि शक्ती फुगलेली दिसते. यास अवरोधाचा परिणाम म्हणतात आणि त्यासाठी दुरुस्तीची सूत्रे आहेत. ६० सेंटिमीटर चौरस छेदाच्या बोगद्यात २० सेंटिमीटर उंच-रुंद साधे चक्र ११ टक्के जागा व्यापते, जे दुरुस्तीने सांभाळता येण्याजोगे आहे. त्याच चक्राला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच फळ्या लावल्या की ३३ टक्के जागा अडते. मोकळ्या मैदानात जो वारा फळ्यांना वळसा घालून निघून गेला असता तो येथे चक्रात कोंबला जातो, आणि फळ्यांचा खरा लाभ व बोगद्याच्या भिंतींनी दिलेला लाभ एकमेकांपासून वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. हा परिणाम वातवर्धक रचनेलाच अधिक अनुकूल ठरतो, म्हणून साध्या चक्राशी केलेली तुलनाही दूषित होते. आयआयटी कानपूर येथील राष्ट्रीय वातविवराचा चाचणीकक्ष ३ मीटर रुंद व २.२५ मीटर उंच आहे. तेथे हेच प्रतिमान फळ्यांसह २ टक्क्यांहून कमी जागा व्यापील. लहान बोगद्यातच काम करणे भाग असेल तर प्रतिमान आणखी लहान करावे लागते, परंतु तसे केल्यास पात्यावरील प्रवाहाचे स्वरूप बदलते आणि विशेषतः दारियस पाती प्रत्यक्षाहून वाईट वागतात. या दोन ओढींमध्ये चाचणी करणाऱ्याला कोठे तरी उभे राहावे लागते, आणि तो कोठे उभा राहिला हे त्याने लिहून ठेवले पाहिजे.

बोगद्यातील शिस्तशीर कामाचा नमुना म्हणून अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सॅव्होनियस चाचण्यांकडे पाहावे. दोन आणि तीन अर्धनळ्यांच्या १५ रचना तपासून तेथील संशोधकांनी दोन अर्धनळ्यांचे चक्र अधिक शक्ती देते हे दाखवले आणि नळ्यांमधील सरकवण्याचे योग्य अंतरही ठरवले. त्यांचे शक्तिगुणांक पाव भागाच्या आसपास राहिले. खुद्द सॅव्होनियस यांनी बोगद्यात ३१ टक्के आणि मोकळ्या वाऱ्यात ३७ टक्के कार्यमान नोंदवले होते, ज्यापर्यंत नंतरच्या काटेकोर चाचण्या सहसा पोचल्या नाहीत.

मोकळ्या वाऱ्यात आकडा कसा चढू शकतो, याचे एक कारण अभ्यासकाने नीट समजून घेण्यासारखे आहे. वारा सतत हलतो आणि नोंद मात्र सरासरीची होते. पण सरासरी वेगाचा घन आणि वेगांच्या घनांची सरासरी या दोन राशी समान नसतात, दुसरी नेहमी मोठी असते. वाऱ्यातील चढउतार सरासरीच्या ३० टक्के असतील, जे छपरांवर असामान्य नाही, तर खरोखर उपलब्ध शक्ती सरासरी वेगावरून काढलेल्या शक्तीहून सुमारे २७ टक्के अधिक असते. हे अधिकचे श्रेय नकळत यंत्राला दिले जाते. त्यात वातवेगमापकाची चूक मिळाली की गोंधळ वाढतो, कारण वेगातील ५ टक्क्यांची चूक शक्तीत सुमारे १५ टक्क्यांची होते.

चक्राकडून शक्ती मोजण्याची बाजूही सोपी नाही. टॉर्क, म्हणजे आसाला फिरवणारे परिबल, एकाच फेऱ्यात सारखे वर-खाली होते. दारियस चक्रात तर काही कोनांत ते उलटेही पडते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत दोरी-ब्रेक वापरतात, ज्यात आसावरील चाकाला दोरीचा वेढा देऊन एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंग-काटा लावतात. सरासरीसाठी ही पद्धत पुरेशी आहे, परंतु मंद वाऱ्यात बेअरिंगचे घर्षणच चक्राच्या शक्तीचा मोठा वाटा खाते आणि ते वेगळे मोजले नाही तर दोष पात्यांवर येतो.

प्रत्यक्ष जागेवरील चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयईसी ६१४००-१२-१ या मानकानुसार लहान यंत्रांसाठी वेग व शक्ती यांच्या एक-एक मिनिटाच्या सरासऱ्या घेतात, त्या सेकंदाला अर्ध्या मीटरच्या कप्प्यांत विभागतात, प्रत्येक कप्प्यात निदान १० मिनिटांची आणि एकूण निदान ६० तासांची नोंद जमल्यावर शक्तीचा आलेख काढतात. भारतात या क्षेत्राची मध्यवर्ती संस्था चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था असून तिचे चाचणी केंद्र तमिळनाडूतील कायथार येथे आहे, जेथे वारा जोरदार आणि जमीन मोकळी आहे. तेथे मिळालेला आलेख विश्वासार्ह असतो, पण तो गुलटेकडीच्या छपरावर जसाच्या तसा लागू पडत नाही.

याचे कारण यार्डाच्या भूगोलात आहे. पुण्याचा जोरकस वारा मुख्यतः पावसाळ्याचा, पश्चिमेकडून येणारा. आणि यार्डाच्या पश्चिमेला व नैर्ऋत्येला दोन-अडीच किलोमीटरच्या टप्प्यात पर्वती आणि तळजाईच्या टेकड्या आहेत. त्या ओलांडून, वाटेतील इमारतींमधून वाट काढत आलेला वारा गाळ्यांवर पोचतो तेव्हा तो तुटक आणि भोवऱ्यांचा झालेला असतो. छपराच्या कडेला आदळून तो वर उसळतो आणि कडेमागे उलट फिरणारा कप्पा तयार होतो, ज्यात ठेवलेले कोणतेही चक्र उपाशी राहते. येथे उभ्या आसाच्या यंत्राला एक खरा लाभ आहे: नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधनाने दाखवले की सरळ पात्यांचे दारियस चक्र तिरप्या, खालून वर येणाऱ्या वाऱ्यात सरळ वाऱ्यापेक्षा अधिक शक्ती देऊ शकते. फळ्यांचे नरसाळे त्या तिरप्या वाऱ्याला तसेच वागवील असे मात्र गृहीत धरता येत नाही. ते वेगळे तपासावे लागेल.

दिशेचा प्रश्नही असाच आहे. एका बाजूला उघडणारी स्थिर फळी उभ्या आसाच्या यंत्राचा सर्वदिशी गुणच काढून घेते. सीस्तानात ते चालले, आणि पुण्याच्या पावसाळ्यातही कदाचित चालेल, कारण जूनपासून वाऱ्याची दिशा पुष्कळशी ठरलेली असते. हिवाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत ती तशी नसते. म्हणून फळ्यांसहित चक्राची चाचणी ठरावीक कोनांच्या अंतराने सर्व दिशांना करून प्रत्येक दिशेचा शक्तिगुणांक त्या दिशेच्या वाऱ्याच्या वाट्याने तोलला पाहिजे. १९२८ मध्ये सिमल्याहून हवामान खात्याचे मुख्यालय पुण्यात आल्यापासून शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’मुळे या शहराला हवामाननिरीक्षणाची दीर्घ परंपरा आहे, आणि दिशांचा पहिला अंदाज अशा नोंदींवरून घेता येतो, पण शिवाजीनगरचा वारा गुलटेकडीच्या छपरावरचा वारा नव्हे, त्यासाठी छपरावरच मापक लावावा लागेल.

छपरावरच्या वाऱ्याबद्दलची उमेद किती फसवी ठरू शकते हे इंग्लंडमधील वॉरिक चाचण्यांनी दाखवले आहे. २००७-०८ मध्ये इमारतींवरील २६ लहान पवनचक्क्यांची नोंद ठेवल्यावर त्यांनी सरासरीने आपल्या कमाल क्षमतेच्या केवळ ०.८५ टक्के वीज दिल्याचे आढळले. बंद राहिलेला काळ वगळूनही हा आकडा ४.१५ टक्क्यांपर्यंतच गेला. ती यंत्रे सदोष होती असे नाही. ज्या वाऱ्यासाठी ती तपासली गेली तो वारा घरांच्या छपरांवर नव्हता. मार्केट यार्डात यात वेळेची अडचण मिळते. दिव्यांची गरज पहाटे असते आणि हिवाळ्यातील पुण्याची पहाट बहुधा निवांत असते, म्हणून वर्षभराचे युनिट मोजताना ते कोणत्या तासांना मिळाले हेही नोंदवणे आवश्यक आहे.

शेवटी फळ्यांच्या वजनाचा आणि भाराचा मुद्दा उरतो, जो शक्तीच्या आलेखात दिसत नाही. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आयएस ८७५ पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटरचा मूळ वेग धरते. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९०० न्यूटनचा, म्हणजे ९० किलोग्रॅमच्या वर वजनाइतका, दाब येतो. साधे चक्र वादळात ब्रेक लावून थांबवता येते, पण स्थिर फळी हा दाब अंगावर घेतच राहते आणि तो पत्र्याच्या छपराच्या कैच्यांवर उतरतो. फळी दुमडणारी केली तर बिजागऱ्या, दोऱ्या आणि देखभाल आली. म्हणून मार्केट यार्डासारख्या जागी करायच्या चाचणीत फळ्यांसह आणि फळ्यांविना अशी दोन समान चक्रे एकाच छपरावर, एकमेकांच्या सावलीत न येतील इतक्या अंतरावर उभी करावीत, दोहोंसाठी एकाच मापकाचा वारा वापरावा, छपराच्या कैच्यांवरचा भारही मोजावा आणि नोंद मे महिन्याच्या वळवापासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत खंड न पडता चालवावी, म्हणजे पश्चिमेचा पावसाळी वारा आणि हिवाळ्यातील निवांत पहाट या दोन्ही स्थिती एकाच वहीत येतील.